रिकाम्या खोलीचं पहिलं बक्षीस

शलाका साबळे अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची आणि पहिल्याच तासाला मुलांना सांगायची, की जे मोजता येत नाही त्यावर विश्वास ठेवू नका. साताऱ्यातल्या त्या ज्युनिअर कॉलेजात हे वाक्य इतकं मुरलं होतं, की कँटीनवालाही चहा देताना कप वर धरून "मोजून घ्या मॅडम" म्हणायचा. त्यामुळे कॉलेजने सगळ्या शिक्षकांना 'निवांत' पाट्या वाटल्या आणि शनिवारचा शेवटचा तास चित्रं काढायला मोकळा ठेवला, तेव्हा बाकीच्यांनी नाकं मुरडली, तिने नाही. चित्रांशी तिचं काही देणंघेणं नव्हतं. पण ही पाटी ताण मोजायची आणि उतरवायची म्हणे, आणि शलाकाकडे उतरवण्याजोगा ताण भरपूर होता.

त्या ताणाचं नाव वैजयंती. शलाकाची थोरली बहीण, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठी. सगळं आयुष्य एसटीत कंडक्टर म्हणून काढलेलं, त्यामुळे आवाज असा की मागच्या सीटवरून बोललेलं ड्रायव्हरला ऐकू जावं. आई लवकर गेली, तेव्हा शलाकाला वैजूताईनेच वाढवलं. पुढे शलाकाचं लग्न झालं आणि मोडलं, तेव्हाही ती बॅग घेऊन ताईच्याच दारात उभी राहिली. ताईने एक प्रश्न विचारला नाही, फक्त पुढे सरकून वाट दिली. मागच्या वर्षी ताईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. डावा हात नि डावा पाय गेला, आवाज मात्र शाबूत राहिला.

दक्षिणेच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो म्हणून ताईची कॉट त्या खिडकीशी लावली होती. कॉटच्या दांडीला एक पितळी घंटी. एक टोला म्हणजे असशील तिथे थांब आणि ये, दोन टोले म्हणजे झालं, जा. सवय जात नाही म्हणतात ती अशी. घरात सोयी होत्या. छताला रुळावरून फिरणारं उचलयंत्र होतं, औषधं वेळेवर पुढे करणारी पेटी होती, दिवसा एक बाई यायची. पण चंद्रावर वस्तीचे आराखडे होत होते तरी लघवीचं भांडं द्यायला अजून माणूसच लागत होता, आणि कॉलेज सुटल्यावर तो माणूस म्हणजे शलाका. ती पेपर तपासायला बसली की घंटी. भाजी फोडणीला टाकली की घंटी. आंघोळीला गेली की हमखास घंटी. शेजारीपाजारी तिला म्हणत, धन्य आहेस बाई. लोक धन्य म्हणतात तेव्हा ते मदतीला येणार नसतात, हे तिला एव्हाना कळलं होतं.

पाटी दिसायला साधी होती. वहीएवढी काच आणि एक पेन. करामत पेनात होती. बोटं टेकतात तिथे बारीक छिद्रांची पट्टी होती आणि ती घामातलं कॉर्टिसॉल ओळखायची. ताण आला की शरीरात वाढणारं हे रसायन. ते सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं, म्हणून त्याच्या जोडीला त्वचेतून वीज किती सहज वाहते आणि हाताला नजरेला न दिसणारा कंप किती आहे, हेही पेन मोजायचं. या दोन गोष्टी क्षणात बदलतात. सगळं मिळून कोपऱ्यात एक आकडा दिसायचा. त्याला सगळे 'पारा' म्हणायला लागले.

इथवर नवल नव्हतं, एवढं तर मनगटावरची घड्याळंही करत होती. नवल पुढे होतं. पेन काचेला टेकलं की त्याच्या टोकापुढे पाटी अतिशय फिकट रेषा उमटवायची. अनेक रेषा, वेगवेगळ्या दिशांच्या, आल्या आणि गेल्या. आपण त्या पाहिल्या असं आपल्याला वाटतही नाही, पण डोळ्यांनी त्या पाहिलेल्या असतात आणि अंगाने कौल दिलेला असतो. जिच्यामुळे पारा किंचित उतरला ती रेषा पाटी ठेवायची, बाकीच्या पुसायची. हात आपसूक त्या रेषेवरून जायचा. मग पुढची रेषा. असं करत करत ज्याला आयुष्यात घागरही नीट काढता आली नाही, त्याच्या हातून चित्र उतरायचं आणि उठताना खांदे मोकळे झालेले असायचे.

मुलांनी विचारलं तेव्हा शलाकाने त्यांना सोपं करून सांगितलं. अंधारात डोंगर उतरायचा तर वाट दिसायची गरज नाही. पायाने चाचपायचं आणि उतार जिकडे असेल तिकडे एक पाऊल टाकायचं. असं करत माणूस शेवटी खाली पोचतो. पाटीला चित्र ठाऊक नसतं, तिला फक्त उतार कळतो. चित्र ज्याचं त्याचंच असतं. हे सांगून झाल्यावर मुलांनी मान डोलावली आणि ती पुढच्या धड्याकडे वळली.

काही शनिवारांनंतर दिसलं, की प्रत्येकाचं चित्र एकाच जागी येऊन थांबतं. दर वेळी तेच, फक्त अधिक स्पष्ट. केमिस्ट्रीच्या नफीसा काझीची एक बाग निघाली, कारंजं आणि चाफ्याची झाडं असलेली. प्राचार्यांचा लांबच लांब मोकळा रस्ता निघाला. नफीसा शलाकाची जुनी मैत्रीण. तिने शलाकाला चिडवून घेतलं, की तुझं काय निघणार, त्रिकोण आणि बाण. आणि सुरुवातीला खरोखरच उभ्या-आडव्या रेषाच निघत होत्या. मग त्या रेषांची खिडकी झाली, खिडकीत किल्ल्याची कड आणि वरचा मनोरा आला. शलाकाने आपली खोली ओळखली आणि तिला फार बरं वाटलं.

तो काळ खरंच चांगला गेला. शनिवारी ती गुणगुणत घरी यायची, येताना पेढे आणायची, ताईच्या डोक्याला न चिडता तेल लावायची. घंटी वाजली तर "आले गं" म्हणायची आणि तसंच वाटायचंही. पाटीने फसवलं असं कुणीच म्हणू शकलं नसतं.

मग एका शनिवारी तिच्या लक्षात आलं, की खोलीत कॉट नाही.

कपाट होतं. भिंतीवरचं कॅलेंडर होतं, स्टूलसुद्धा होतं. कॉटच्या जागी मोकळी फरशी होती आणि तिच्यावर खिडकीतलं ऊन. शलाकाने स्वतःला समजावलं, की राहिली असेल, काढू. पेन टेकवून तिने कॉटचा एक पाय काढायला घेतला, तर हात जड झाला आणि पारा चढला. तिने पाय पुसला. पारा उतरला.

ती प्रयोग करणारी बाई होती. तिने खुर्ची काढून पाहिली, काही झालं नाही. टेबल काढलं, काही नाही. कॉट दुसऱ्या भिंतीला लावली, पारा चढला. नुसती रिकामी कॉट काढली, वर कुणी नाही, तरी चढला. तिने वेळ बदलली, पोटभर जेवून पाहिलं, उपाशी पाहिलं. नफीसाची पाटी मागून घेतली. प्रयोगात कुठेच खोट सापडेना, आणि कधी नव्हे ते तिला खोट सापडावीशी वाटत होती. आपल्याला काय हवं आहे ते मोजून समोर आलं होतं, आणि मोजलेल्यावर विश्वास ठेवा हे तिचंच म्हणणं होतं.

तिला लाज वाटली. साधीसुधी नव्हे, ताईच्या तोंडाकडे बघता येईना अशी. त्या आठवड्यात तिने पुरण घातलं, ताईचे केस दोनदा धुतले, गादीवर नवी चादर आणली. वैजूताईने विचारलं, की आज कुठला सण आहे, आणि शलाकाने काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. पण पुढच्या शनिवारी ती पुन्हा पाटी घेऊन बसलीच. लाज वाटते म्हणून माणूस सुख सोडतो, असं थोडंच आहे. त्या दिवशी मोकळ्या फरशीवर उन्हाच्या जागी एक पांढरट गोल आला आणि त्यावर एक लहानसा दिवा. दिव्याबरोबर पारा इतका खाली गेला, की तिने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. दिवाळी जवळ आली होती. तिला वाटलं, दिवाळीचाच असेल.

वर्षअखेरीला पाटी बनवणाऱ्या मंडळींनी कॉलेजात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. परीक्षक वगैरे भानगड नव्हती. चित्रं कॉलेजच्या साठ्यात जमा होतच होती. ज्याचा पारा सगळ्यात जास्त उतरला, त्याला पहिलं बक्षीस. प्राचार्यांनी शलाकाला बोलावून अभिनंदन केलं. माझं चित्र लावू नका, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण का नको, हे त्यांनी विचारलं असतं आणि तिच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. शिवाय शाळेत चित्रकलेत काठावर पास होणाऱ्या बाईला पहिलं बक्षीस मिळत होतं, त्याची गुदगुलीही झालीच. तिने विचार केला, रिकामी खोली ती रिकामी खोली, बघणाऱ्याला काय कळणार. आणि ती हसून थँक्यू सर म्हणाली.

ताईला कळू द्यायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण नफीसाने हौसेने फोन करून वैजूताईला बातमी दिली. मग काय विचारता. ताईने इरकल काढायला लावली, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घालून घेतला आणि शेजारच्या तीन घरांत ओरडून सांगितलं, की आमच्या शलूला चित्रात पहिला नंबर आलाय. शलाकाने गर्दीचं, थंडीचं, चाकाच्या खुर्चीचं, सगळं निमित्त सांगून पाहिलं. ताई म्हणाली, एसटीत मी सत्तर माणसं उभी करून नेलेली आहेत, मला गर्दी सांगू नकोस.

सभागृहात चित्रं मोठी करून लावली होती. शलाकाचं चित्र दाराएवढं होतं आणि त्याच्यावर खास दिवा सोडला होता. लोक समोर थांबत होते, किती शांत आहे म्हणत होते. एका पाहुण्यांनी भाषणात या खोलीला ध्यानमंदिर म्हटलं. शलाकाने ताईची खुर्ची ढकलत चित्रासमोर आणली, कारण न आणून चाललंच नसतं.

वैजूताई बघत राहिली. आधी तिचा चेहरा कौतुकाने फुललेला होता. मनोरा ओळखला, कॅलेंडर ओळखलं, कपाटाच्या दाराचा पोचाही ओळखला. मग तिची नजर खाली फरशीवर आली आणि तिथेच थांबली. तोंड मिटलं. प्राचार्य वाकून म्हणाले, कसं वाटलं बहिणीचं चित्र. ताई म्हणाली, आमचीच खोली हाय, हुबेहूब काढलीय. बक्षीस देताना टाळ्या झाल्या तेव्हा तिने उजव्या हाताने मांडीवर थापा मारून टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या थांबल्या तरी जरा पुढे.

परतताना विनाचालक गाडीत दोघीच होत्या. पोवई नाका मागे पडला. ताई समोर बघतच म्हणाली,

"शलू, वात दक्षिणेला केलीस."

शलाकाला कळलं नाही.

"आन् खाली पीठ पसरलंस. आई गेली तवा असाच लावला होता दिवा. माज्याच हातानं. तू लहान होतीस, पर बघत होतीस."

मग शलाकाला कळलं. माणूस जातो त्या जागी पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात आणि त्याची वात दक्षिणेकडे करतात. एरवी चुकूनही कुणी तशी करत नाही; पोराने केली तर घरातली मोठी माणसं न बोलता दिवा फिरवतात. चित्रातली ज्योत खिडकीकडे होती आणि खिडकीत अजिंक्यतारा होता. साताऱ्यात दक्षिण कुठे, हे कुणाला विचारावं लागत नाही. तिने नुसती ताईची कॉट काढून टाकली नव्हती. ताईला पोचवून, मागचं सगळं करून, दिवा लावून ती स्वस्थ बसली होती, आणि ते सगळ्या गावाला दाखवून बक्षीस घेऊन आली होती. 

ती म्हणाली, ताई, ते मी नाही काढलं, मशीन काढतं.

"मशीन साताऱ्याचं हाय व्हय?" वैजूताई म्हणाली.

शलाकाला वाटलं होतं, आता घरात वादळ होणार. झालं उलटंच. ताई शांत झाली. घंटी दिवसात क्वचितच वाजायला लागली. पाणी हवं का विचारलं तर नको, भूक आहे का तर बेताची, कूस बदलू का तर आत्ताच बदलली ना. शलाकाचे पेपर एका बैठकीत तपासून व्हायला लागले. भाजी करपेनाशी झाली. तिला वाटलं, ताईने समजून घेतलं असेल, वय झाल्यावर माणूस निवळतं. शनिवारी पाटीवर बसली तर पारा आधीच खाली होता, आणि पाटीने अभिनंदनाचं वाक्य दाखवलं. इतर वेळी आकडा असा बदलला असता तर शलाकाने दहा प्रश्न विचारले असते. या वेळी तिने एकही विचारला नाही. बरं वाटत होतं, आणि का वाटतंय हे तिला नको होतं.

एका रविवारी दुपारी वैजूताई बडबडायला लागली. शलाका धावत गेली तर अंग चटके बसावेत इतकं तापलेलं. ताई डोळे अर्धवट उघडे ठेवून गावांची नावं घेत होती. नागठाणे, उंब्रज, कराड. उतरणारे पुढे या. शलाकाने तिला हाक मारली तर ताईने तिला ओळखलं नाही, सुट्टे पैसे काढा म्हणाली.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बोलायला सरळ. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला होता, अंगातलं पाणी आटलं होतं. त्यांनी विचारलं, या दिवसाला पाणी किती पितात. शलाकाला सांगता आलं नाही. मोजमापाची एवढी मिजास असलेली बाई, तिला बहीण पाणी किती पिते ते माहीत नव्हतं. तिला आठवला तो कॉटजवळचा तांब्या. दिवसाची बाई संध्याकाळी भरून जायची, तो सकाळीही तसाच भरलेला असायचा. पुन्हा भरायला नको म्हणून तिला दर वेळी जरा हायसं वाटलं होतं. ताई पाणी पीतच नव्हती. पाणी प्यायलं की भांडं लागतं, भांड्यासाठी घंटी वाजवावी लागते, आणि घंटी वाजली की शलूचा पारा चढतो. पाटीवरचा उतार ताईच्या तहानेचा होता.

नफीसा डबा घेऊन आली. दोघी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या आणि शलाकाने तिला सगळं सांगितलं. दिव्याचं, पिठाचं आणि तांब्याचंही. नफीसाने मध्ये एकदाही अरेरे केलं नाही. मग म्हणाली,

"माझी बाग बघितलीस ना? तिच्यात माझी पोरं कुठे आहेत?"

शलाका तिच्याकडे बघायला लागली. नफीसा म्हणाली, की तिने प्रदर्शनात फिरून नीट पाहिलं होतं. प्राचार्यांच्या रस्त्यावर कुणी नव्हतं. कुणाच्या नदीकाठी कुणी नव्हतं. भिंतभर चित्रं लागली होती आणि एकातही माणूस नव्हता. माणसाचा ताण सगळ्यात खाली न्यायचा तर पाटी दुसरी माणसंच पुसून टाकते, ती तरी काय करणार. त्यामुळे तू एकटीच वाईट आहेस असं समजू नकोस, असं तिने शलाकाला सांगितलं.

हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. शलाका म्हणाली, "पण तुझ्या बागेत दिवा नाही गं, नफीसा."  नफीसाने शलाकाच्या पाठीवर हात ठेवला आणि डबा उघडला.

ताईला झोप लागली होती तेव्हा शलाकाने पिशवीतून पाटी काढली. मनाला जरा थारा मिळावा, एवढंच तिला हवं होतं. पेन टेकवलं तर पाटीने तत्परतेने खिडकीची कड पुढे केली, मग फरशी. पुढे काय येणार हे तिला माहीत होतं. समोर खाटेवर ताईच्या हाताला सुई लावलेली, आणि हातातलं यंत्र तिला त्या खाटेपासून दूर, खाली, सुखाच्या जागी न्यायला निघालं होतं. पारा उतरायलाही लागला होता. तिला स्वतःच्या हाताची किळस आली. तिने पाटी बंद केली आणि नफीसाला देऊन टाकली.

तिसऱ्या दिवशी वैजूताईचा ताप उतरला. शलाकाला ओळखलं, वॉर्डातल्या पंख्याला नावं ठेवली, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं गाव विचारून तिथली गाडी किती वाजता सुटायची तेही सांगितलं. मग शलाका तिचं तोंड पुसत होती तेव्हा हळू आवाजात म्हणाली,

"मला हितनंच वाईला टाक. तिकडं ते केंद्र काढलंय म्हनं म्हाताऱ्यांचं. बरं हाय म्हनत्यात."

"तुला जायचंय का?"

"तुला पायजे न्हवं."

"छे गं, काहीतरीच काय" हे वाक्य शलाकाच्या ओठावर आलं होतं. वर्षभर ती तेच म्हणत आली होती, आणि ते ऐकून ताईने वर्षभर खुशाल घंटी वाजवली होती. आता ते वाक्य चालणार नव्हतं, कारण ताईने चित्र पाहिलं होतं. खोटं बोललं असतं तर ताईने हो म्हटलं असतं आणि पुन्हा तांब्याला हात लावला नसता. शलाकाने हातातला रुमाल खाली ठेवला.

"कधीकधी पाहिजे असतं," ती म्हणाली. "घंटी वाजली की वाटतं, सुटावं यातून. तू जावीस असंसुद्धा वाटतं. ते चित्र माझंच आहे, ताई. मशीनचं नाही. आणि रविवारी तू मला ओळखलं नाहीस तेव्हा माझे हातपाय गळाले. मला तू घरी हवी आहेस. मला फार लाज वाटते."

वैजूताई छताकडे बघत राहिली. तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी कानाकडे गेलं, ते तिने पुसलं नाही.

"मला लई लागलं ते," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"अजून लागतंय. एवढ्या मानसांत टांगलंस. मी टाळ्या वाजवल्या."

 ताई लगेच माफ करील अशी शलाकाची अपेक्षा नव्हती. ताईने केलंही नाही.  शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा येऊन संत्री देऊन गेला, नर्स येऊन ताप बघून गेली. पाणी भरपूर पाजा, असं तिने जाताना बजावलं.

शलाकाने पेला भरला. ताईच्या मानेखाली हात घालून तिला जरा वर घेतलं आणि पेला तोंडाशी धरला. वैजूताईने ओठ मिटून घेतले.

"एवढं प्याले तर दर तासाला उठावं लागंल तुला."

"उठेन."

"चिडशील."

शलाकाने ताईकडे सरळ पाहिलं. प्रदर्शनानंतर ती पहिल्यांदाच ताईच्या डोळ्यांत बघत होती.

"चिडेन," ती म्हणाली.

वैजूताईने उजव्या हाताने पेला धरला आणि थांबत थांबत सगळा संपवला.